दहा दिवसांची परवानगी

काचेवरचा डाग काही केल्या निघत नव्हता. आशाबाईनं वर्तमानपत्राचा बोळा पुन्हा ओला केला, घट्ट पिळला आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्यात जोर लावून घासला. मग तिच्या लक्षात आलं, डाग काचेवर नाहीच. फोटोतच जमिनीवर पाणी सांडलेलं होतं.

जालना रोडवरच्या त्या हॉटेलात आशाबाई साफसफाईला होती. लेणी बघायला बाहेरदेशांतल्या बौद्ध लोकांच्या गाड्या यायच्या, म्हणून मॅनेजरनं लॉबीशेजारच्या लांब बोळात भिक्खूंचे मोठाले फोटो लावून घेतले होते. बर्फात उभे असलेले लाल कपड्यांतले लामा, झाडाखालचा पाचोळा लोटणारा एक पोरसवदा भिक्खू, दोरीवर वाळत घातलेली चीवरं. सकाळपासून एकेक काच पुसत ती बोळाच्या टोकाला आली होती.

सांडलेल्या पाण्याशेजारी एक पाय होता. भिक्खू ओळीनं जेवायला बसले होते, सगळे मांडी घालून. फक्त शेवटच्या माणसाचा डावा गुडघा वर होता. त्या गुडघ्यावर कोपर टेकवून, खाली मान घालून तो भिक्षापात्रात घास कालवत होता.

आशाबाई स्टुलावरून उतरली. दोन पावलं मागं गेली, पुन्हा जवळ आली. डोकं भादरलेलं, गाल बसलेले. नुसत्या चेहऱ्यावरून तिला खात्री देता आली नसती. पण तो गुडघा तिनं अख्खा एक पावसाळा शेकला होता. विहीर खोदताना मुरूम वर ओढणाऱ्या यारीचा दोर तुटून कडुबा टोपल्यासकट खाली गेला, तेव्हापासून त्याला डाव्या पायाची मांडी घालता येत नव्हती. लग्नाच्या पंगतीतही तो असाच बसायचा आणि शेजारच्याला सरकून घ्यावं लागायचं.

सात वर्षांनी तिला नवरा दिसला होता, आणि तो जेवत होता.

"मावशी, तिरका लागलाय का तो?"

मागं यास्मिन उभी होती. फोटो हिचेच. रोशन गेटकडची ही पोरगी लग्नांचे फोटो काढून पोट भरायची आणि लग्नसराई संपली, की पाठीला पिशवी लावून लडाख, सिक्कीम, बोधगया असं जिथं भिक्खू राहतात तिथं फिरायची. दोन दिवसांपासून ती फोटो लावून घ्यायला हॉटेलात येत होती.

"सरळ हाये," आशाबाई म्हणाली. "ह्यो फोटू कुठं काढला?"

"हा? हा इथलाच. खुलताबादच्या पुढं डोंगरात एक विहार आहे, तिथला. लोक बर्फवाले फोटो बघत बसतात, ह्याचं कोणी विचारतच नाही."

"काय खातेत ही माणसं?"

यास्मिनला प्रश्न आवडला. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "जो मिळेल वो. गावातले लोक आणून वाढतात. पण बाराच्या आत. सूरज डोक्यावरून सरकला, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही. पाणी, चहा, बस."

"रात्री काहीच नाय?"

"काहीच नाही."

कडुबा रात्री उठून टोपल्यातली शिळी भाकर तिखटाबरोबर खायचा. अंधारात नुसता चावण्याचा आवाज यायचा.

"झोपतेत कुठं?"

"फळीवर. वर चटई."

"आन् कपडे कोन धुतं?"

"आपले आपण. असतातच तीन."

आशाबाईनं पुन्हा फोटोकडं पाहिलं. "ह्ये शेवटी बसलेले वयानं मोठे दिसतेत. मंग मागं कामून बसवलं? मोठ्या माणसाला पुढं बसवतेत."

"हां, यही तो बात है!" यास्मिन पुढं झाली आणि काचेवर बोट न लावता दाखवू लागली. "तिथं वयावर नसतं मावशी. आधी भिक्खू कोण झालं, त्यावर ओळ लागते. आणि हे बाबा अजून भिक्खू नाहीतच. श्रामणेर आहेत, म्हणजे शिकाऊ समजा. त्यांच्या वर ही पोरं बघा, वीस-बावीसची. ह्यांनी पूर्ण दीक्षा घेतलीय. बाबा ह्या पोरांना वंदन करतात, त्यांची पात्रं धुतात. मी विचारलं पण होतं, इतकी वर्षं झाली, तुम्ही पुढची दीक्षा का नाही घेतली? तर नुसते हसले."

"हसले?"

"हां. थोडे."

आशाबाई फोटोतल्या खाली घातलेल्या मानेकडं बघत राहिली.

"मावशी, तुम्ही ओळखता का त्यांना?"

आशाबाईनं बोळा बादलीत टाकला आणि हात पदराला पुसले.

"व्हय. माझे मालक हायेत ते."

*

गावोगावी जनावरांच्या छावण्या पडल्या, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. कडुबा फुलंब्रीकडच्या गावांमधून विहिरी खोदायचा. त्या वर्षी लोकांनी जुन्या विहिरी आणखी खोल करून घेतल्या. कडुबा आणि त्याचे जोडीदार खाली खाली जात राहिले, वर यारीतून कोरडा मुरूम तेवढा येत राहिला. एका शेतकऱ्यानं विहिरीच्या तळाशी उतरून हातानं दगड चाचपले आणि काही न बोलता वर निघून गेला. त्या दिवसापासून कडुबाचं बोलणं कमी झालं. मग कामच बंद पडलं. आशाबाई, कडुबा आणि त्यांची शाळकरी पोरगी सुकेशनी शहरात आली, नारेगावात पत्र्याची खोली घेऊन राहिली. शहरालाही खड्डे हवे होते, पाण्यासाठी नाही, इमारतींसाठी. कडुबा पायाचे खड्डे खोदायला लागला. संध्याकाळी येऊन तो भिंतीला टेकून, गुडघा वर करून बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "काय नाय."

बुद्धपौर्णिमेच्या सुमारास वस्तीतल्या लोकांनी दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात नावं दिली. डोकं भादरायचं, चीवर नेसायचं, दहा दिवस भिक्खूंसारखं राहायचं आणि घरी यायचं.

"जाऊ का?" कडुबानं विचारलं होतं.

"जा की. तेवढंच मन लागंल."

मांडवात मोठ्या भन्तेंनी सगळ्यांदेखत विचारलं, घरच्यांची परवानगी आहे का? बायकांनी हात वर केले. आशाबाईनंही केला. मग तिनं घडी केलेलं चीवर नवऱ्याच्या हातात दिलं.

शिबिर संपलं त्या दिवशी ती धुतलेला सदरा-पँट पिशवीत घालून त्याला आणायला गेली. बाकीचे पडद्याआड जाऊन कपडे बदलून आले आणि बाहेर आल्याबरोबर पुन्हा आपापल्या आडनावांनी कुणी दांडगे, कुणी हिवराळे झाले. कडुबा आलाच नाही. तो पहाटेच मोठ्या भन्तेंच्या मागं पायी निघून गेला होता. कुठं, ते कुणालाच सांगता येईना. कुणी गया म्हणालं, कुणी सारनाथ. त्या हिवाळ्यात आशाबाईनं ते कपडे बांधकामावरच्या वॉचमनला देऊन टाकले आणि हॉटेलात कामाला लागली.

आता सुकेशनी नर्सिंगला होती. ती होस्टेलवरून शनिवारी घरी आली, तेव्हा आशाबाईनं तिला फोटोचं सांगितलं.

सुकेशनीनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि तू जाणार?"

"यास्मिन मॅडम उद्या चालल्यात फोटू काढायला. म्हण्ल्या, गाडीवर मागं बसा."

"त्यांनी कधी वळून बघितलं का आपल्याकडं?"

"नाय."

"मग कशाला जाती? रडायला?"

"रडायला कामून? बघायचंय मला."

"काय बघायचंय?"

"कसे ऱ्हातेत ते." आशाबाई चुलीतली लाकडं मागं ओढत होती. "पोरी, माणूस मेलं तर कशानं मेलं ते इचारतेत लोक. ह्यो तर जित्ता हाये."

*

यास्मिनची स्कूटर पडेगाव ओलांडून निघाली, तरी शहर संपत नव्हतं. नांगरलेल्या रानात चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट आणि त्यांच्या कमानी लांबवर दिसत राहिल्या. दौलताबादच्या वेशीतून गाडी गेली, घाट लागला. दोन्ही बाजूंची सीताफळाची झाडं नुसत्या काड्यांची झाली होती. खुलताबाद मागं पडल्यावर मातीचा रस्ता आला आणि आशाबाईनं एका हातानं डबा, दुसऱ्यानं यास्मिनचा खांदा धरला.

विहार म्हणजे पत्र्याची लांब पडवी, पिंपळ, पाराएवढा कट्टा आणि एक विहीर. आशाबाई आधी विहिरीत डोकावली. तळाला पाणी नव्हतं. काठाशी निळे ड्रम होते. एक तरुण भिक्खू तांब्याभर पाण्यात फडकं बुडवून अंग पुसत होता. एवढीच आंघोळ, यास्मिन म्हणाली. खालच्या गावातल्या दोन बाया भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या होत्या. त्यांच्यात आशाबाई उभी राहिली. डब्यात तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती.

ओळ आली. पुढं वाकलेले मोठे भन्ते, मांडवात दिसले होते तेच, फक्त आता काठी टेकत होते. मागं दोन-तीन मध्यमवयीन, मग पोरं. सगळ्यांच्या शेवटी, डावा पाय जरा ओढत, कडुबा.

त्यानं तिला पाहिलं. पाऊल थांबलं नाही, पण पात्राचं झाकण हातातून निसटून धुळीत पडलं. त्यानं ते उचललं, चीवराला पुसलं आणि ओळीतली जागा धरली. आशाबाई प्रत्येकाच्या पात्रात भाकरी घालत आली. त्याच्याही घातली. वर चटणी घातली. यास्मिनच्या कॅमेऱ्याचा आवाज झाला.

जेवणं झाली. कडुबानं सगळ्यांची पात्रं गोळा केली, राखेनं घासली, ओंजळभर पाण्यात खळबळून काढली आणि उन्हात पालथी मांडली. आशाबाई पडवीच्या खांबाशी बसून बघत होती. घरी त्यानं स्वतःचं ताटसुद्धा कधी उचललं नव्हतं.

मोठे भन्ते कट्ट्यावर येऊन बसले. आशाबाईनं पुढं होऊन वंदन केलं.

"बोला उपासिका."

"मी ह्यांची बायको हाये."

भन्तेंनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग हाक मारली, "खेमानंद, इकडं ये."

खेमानंद हे कडुबाचं इथलं नाव होतं. तो आला, कट्ट्याच्या खालच्या पायरीवर बसला. गुडघा वर आला. दोन तरुण भिक्खू पिंपळाच्या पलीकडं बसून होते, त्यांनी माना वळवल्या. यास्मिन खांबाजवळ थांबली.

"बरी हायेस?" कडुबानं विचारलं.

"हाये." सात वर्षांत आशाबाई मनातल्या मनात त्याला पुष्कळ बोलली होती. तोंडून मात्र भलतंच आलं. "रात्री भूक लागत नाय?"

"पहिल्या वर्षी लई लागायची. रडू यायचं भुकंनं. आता येती, थोडा टाइम बसती, आन् जाती."

"गुडघा?"

"थंडीत धरतो."

"कुठं कुठं होतात?"

"गयेला. मंग सारनाथला. इथं येऊन चार वर्षं झाली."

आशाबाईला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "चार वर्षं? इथं? अवो, नारेगाव तासाभरावर हाये इथून."

कडुबा पायरीवरची माती बोटानं लोटत राहिला.

"पोरीचं बी इचारलं नाय तुम्ही."

"सुकेशनी नर्सिंगला हाये," तो हळू म्हणाला. "दुसऱ्या वर्षाला. पुनवेला नारेगावचे लोक येतेत. सांगतेत. मीच त्यांना म्हणलो, घरी सांगू नका."

आशाबाईचा चेहरा पालटला. इतका वेळ ती विचारत होती, तशी आता विचारणार नव्हती.

"म्हंजे तुम्हाला समदं ठावं व्हतं. मलाच तेवढं काय ठावं नव्हतं. गयेला कुनी चाललं, की मी तुमचं नाव सांगायचे, ह्या माणसाला बघा म्हणायचे. कुनी इचारलं मालक कुठं हायेत, तर काय सांगावं तेच समजायचं नाय. आन् तुम्ही इथं बसून आमची खबर घ्यायचे!"

पलीकडच्या तरुण भिक्खूंनी माना खाली घातल्या.

"उपासिका," मोठे भन्ते म्हणाले, "एक सांगू का? दर वर्षी पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या आधी मी ह्याला म्हणतो, उपसंपदा घे, भिक्खू हो. त्याला आई-बापाची परवानगी लागते. ह्याचे आई-बाप नाहीत. मी म्हणालो, मग बायकोला विचारून ये. शिबिरातनं ह्याला नेलं तेव्हा मी विचारलं नाही, घरी सांगितलंस का म्हणून. ते माझंच चुकलं. आता विचारल्याशिवाय करायचं नाही, असं मी ठरवलं. हा दर वर्षी जातो म्हणतो. एकदा खुलताबादच्या बसस्टँडपर्यंत जाऊन परत आला. जाऊन आलो, असं खोटं सांगितलं असतं तर मला कळलं पण नसतं. पण सांगितलं नाही. म्हणून हा ओळीत खाली बसतो."

आशाबाईनं कडुबाकडं पाहिलं. "मी दिली व्हती की परवानगी. मांडवात. हात वर करून."

"दहा दिवसांची," कडुबा म्हणाला. त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "ती दहा दिवसांची व्हती."

"मंग इचारायला का आला नाय?"

"आलो असतो तर ऱ्हायलो असतो. दारात सुकेशनी दिसली असती. तू चहा ठेवला असता. मंग माझ्यानं इचारणंच झालं नसतं."

आशाबाईला कळत होतं, आत्ता ती उठून 'चला' म्हणाली, तर हा माणूस बहुतेक उठेल, पाय ओढत तिच्या मागं येईल. नारेगावच्या खोलीत भिंतीला टेकून बसेल आणि विचारलं तर म्हणेल, काय नाय. ती काहीच न बोलता परत गेली, तर मरेपर्यंत पोरांची पात्रं घासत ओळीच्या शेवटी बसेल. गाव सोडायचं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हाही नाही.

"आता इचारा," ती म्हणाली.

"काय?"

"जे इचारायचं ऱ्हायलंय ते. मी बसलेय इथं. इचारा मला."

कडुबाचे हात जोडायला वर आले.

"चीवरातला माणूस गृहस्थाला हात जोडत नाही, खेमानंद," मोठे भन्ते म्हणाले. "नुसतं विचार."

हात अर्ध्यावर थांबले आणि गुडघ्यावर येऊन पडले.

"आशा, मी भिक्खू होऊ का?"

पिंपळाची सळसळ चालू होती. विहिरीकडं कुणीतरी ड्रम सरकवला. मोठ्या भन्तेंनी डोळे मिटले होते. कुणीही तिला घाई केली नाही. सात वर्षं तिनं वाट पाहिली होती, आता थोडी त्यानं पाहावी.

"व्हा," ती म्हणाली. आणि पदर सावरत उठता उठता म्हणाली, "ही दहा दिवसांची नाय."

*

परतताना घाटाच्या वर यास्मिननं गाडी बाजूला घेतली. दोघी पाणी प्यायल्या.

"मावशी, हॉटेलातला तो फोटो उतरवून घेऊ का?"

"कामून? चांगला आलाय. ऱ्हाऊ द्या."

यास्मिन थोडी घुटमळली. मग तिनं कॅमेऱ्याचं बटण दाबून मागचा पडदा पुढं केला. "तुम्ही वाढत होता तेव्हा एक काढलाय. विचारलं नव्हतं. नको असेल तर आत्ता उडवते."

आशाबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. पात्र होतं, भाकरी होती, भाकरी धरलेला हात होता. त्याचा चेहरा फ्रेमच्या बाहेर गेला होता. दिसत होती ती एक बाई, एका बाजूनं. कानामागचे केस पांढरे, ओठ घट्ट मिटलेले. स्वतःला असं बाजूनं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"ही मी हाये?"

"तुम्हीच."

"म्हातारी झाले की," आशाबाई म्हणाली आणि पुन्हा वाकून बघू लागली. "ऱ्हाऊ द्या हा बी. भिंतीवर नका लावू पण."

*

आषाढ लागला तरी पाऊस नव्हता. उपसंपदेचा दिवस ठरल्याचा निरोप यास्मिनकडून आला, पण आशाबाईनं सुट्टी मागितली नाही. त्या दिवशी हॉटेलात थायलंडच्या लोकांची मोठी गाडी यायची होती आणि सगळ्या खोल्या करायच्या होत्या. तिला जे करायचं होतं, ते तिनं कट्ट्यासमोर बसून केलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली, तर दाराशी सुकेशनी उभी. शनिवार नव्हता. चपला धुळीनं माखलेल्या, ओढणी डोक्यावरून घेतलेली.

"होस्टेलला सुट्टी हाये?"

"नाही. घेतली." सुकेशनी आत येऊन बसली. "गेले होते."

आशाबाईनं कुठं म्हणून विचारलं नाही. तिनं परात पुढं ओढली, पीठ मळायला घेतलं. पहिली भाकर तव्यावर पडली, तेव्हा सुकेशनी आपणहून बोलायला लागली.

"खूप लोक होते. भन्तेंनी सगळ्यांसमोर एकेक विचारलं. परवानगी आहे का, असं पण विचारलं."

"मंग?"

"बोललेच नाहीत. सगळे बघायला लागले. मला वाटलं, विसरले का काय. मग म्हणाले, आहे."

"मोठ्यानं म्हणले का?"

"मोठ्यानं. मी पार मागं होते, तिथं ऐकू आलं."

आशाबाईनं भाकर उलटली. "तुला बघितलं?"

"पाया पडायला गेले तेव्हा. ओळखलं त्यांनी. 'सुखी हो' म्हणाले. सगळ्यांना म्हणतात तसंच." ती थोडी थांबली. "पण माझ्या वेळेला दोनदा म्हणाले."

"बसवलं कुठं?"

"भिक्खूंच्या ओळीत. शेवटी."

"शेवटीच?"

"आजच झाले ना, आई. पण आता श्रामणेरांच्या ओळीत नाहीत."

आशाबाईनं मान हलवली. भाकरी तव्यावरून काढून विस्तवाशी उभी केली. फुगली तशी लेकीच्या ताटात टाकली. सुकेशनी सकाळपासून उपाशी असावी, तिनं गरम भाकरीचा तुकडा फुंकर न घालताच मोडला.

"फोटू काढला का?" आशाबाईनं विचारलं. "मोबाईल व्हता ना जवळ?"

"नाही काढला." सुकेशनी ताटाकडं बघत घास कालवत राहिली. "बघत होते."

दुसरी भाकर शेकून झाली, तेव्हा आशाबाईनं ती अर्धी मोडली आणि लेक नको म्हणत असताना तिच्या ताटात वाढली.